सपाट बुडाची अकरा जहाजं

दिगंबर, चार दिवसांमागं कुंडलिकेच्या काठी तुझ्या दहाव्याला कावळा शिवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पिंड ठेवला, भटजी दोन पावलं मागं सरले न सरले तोच आला आणि चोच मारून गेला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. "आत्मा शांत हाय," कुणीतरी म्हणालं. मला मात्र सणकून राग आला. शांत? दोन वर्षं माझ्याशी बोलला नाहीस, आपलं भांडण तसंच लोंबकळत ठेवून निघून गेलास, आणि तुझं मागं काहीच राहिलं नाही? निदान अर्धा तास तरी त्या कावळ्याला अडवून धरायचं होतंस. तो शिवला नाही तर पुढं होऊन काय बोलायचं, ते मी घरून ठरवून आलो होतो. चार माणसांच्या देखत चूक कबूल करणार होतो, तीसुद्धा संधी दिली नाहीस. सगळे नदीवरून परत निघाले तरी मी धोतराचा सोगा धरून तिथंच उभा.

आता हे लिहून राह्यलोय. मास्तर माणूस, बोलायचं राहिलं की लिहितो. तू असतास तर म्हणाला असतास, "जल्दी मुद्द्यावर ये बाबा, लांबण लावू नको." येतो. पण माझ्या चालीनं येतो.

निजामावर पोलिस ॲक्शन झाली ते दिवस आठवतात? बाजार बंद, तुझ्या डॉक्टरांचा दवाखाना बंद, माझी शाळा बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. आपली घरं लागून. मधली कमरेएवढी भिंत ओलांडून मी तुझ्याकडं आल्तो, कारण घरात बसून बसून डोकं फिरायची पाळी आली होती. तू ओसरीवर मांडी घालून बसलेला. पुढ्यात मुंबईहून औषधं भरून आलेलं देवदाराचं खोकं, त्याच्या फळ्या सुट्या केलेल्या, आणि हातात दवाखान्यातला धार गेलेला चाकू.

"काय करून राह्यला रे?"

"जहाज."

"कशाचं जहाज?"

तू चाकूनंच भिंतीकडं दाखवलंस. औषध कंपनीचं कॅलेंडर. वर्ष उलटलं होतं, चित्रासाठी ठेवलेलं. तीन डोलकाठ्या, फुगलेली शिडं, निळंशार पाणी. "बाहेर कुठं जाता येत न्हाई," तू म्हणालास, "मंग म्हणलं, जाण्याची वस्तू तरी करावी." मी हसलो. कंपाउंडर तू, बाटल्यांत लाल-पिवळी मिक्श्चरं भरणारा. समुद्र तू पाहिलेला नाही, तुझ्या बापानं पाहिलेला नाही. मी तर त्याहून कहर. शाळेत सातही समुद्रांची नावं घडाघडा म्हणून दाखवायचो, आधी उर्दूतून आणि मग मराठीतून, आणि पाणी म्हणून जे काही पाहिलं होतं ते कुंडलिकेचं, गोदावरीचं आणि मोती तलावाचं.

पण घरी गेलो आणि माझी सागवानी फूटपट्टी घेऊन परत आलो. हेही तुला आठवत असेल. ती पट्टी मला नोकरी लागली तेव्हा वडिलांनी सुताराकडून मुद्दाम करून घेतलेली. पोरांच्या हातावर कमी आणि टेबलावर जास्त आपटली जायची. मी कॅलेंडरवर पट्टी लावली आणि तुला माप सांगायला लागलो. चित्रातला एक इंच म्हणजे आपल्या जहाजात तीन इंच. डोलकाठी एवढी, शीड एवढं. मग जिथं निळं पाणी जहाजाला टेकलं होतं तिथं मी पट्टी आडवी धरली आणि म्हणालो, "इथं संपलं."

तू तिथंच करवत घातलीस. बूड एकदम सपाट, पाटासारखं. शिडांना बँडेजची जाळी, खळीत बुडवून कडक केलेली. दोऱ्यांना टाके घालायचा धागा. सरस शिजवलास तेव्हा घरभर असा वास सुटला की कमलवहिनींनी तुझं ताट अंगणात आणून ठेवलं. पण जहाज झालं, दिगंबर. टेबलावर ठेवलं तर कसं डौलात उभं राहिलं! आपण दोघं त्याच्याभोवती फिरून फिरून बघत होतो. बाहेर काय चाललंय ह्याचा त्या दिवशी तरी विसर पडला.

मग तुला नादच लागला. वर्षाला एक, कधी दीड. दर खेपेला कॅलेंडर तेच, पट्टी माझीच, आणि वादही ठरलेला. तू म्हणायचास, मधली डोलकाठी चित्रापेक्षा थोडी उंच घेऊ, शोभेल. मी म्हणायचो, शोभेचा सवाल न्हाई, मापाचा आहे. तू म्हणायचास, "मास्तर, 'मी हारलो' असं एकदा तरी म्हणून दाखव. एकदा." मी कधी म्हटलं नाही. बायकोलाही म्हटलेलं नाही, तुला काय म्हणणार होतो.

तिसरं जहाज घेऊन आपण मोती तलावावर गेल्तो. तुझ्या डोक्यावर टॉवेलात बांधलेलं जहाज, मागून मी, जसं काही लग्नाचं रुखवत चाललंय. धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. तू गुडघाभर पाण्यात उतरलास, जहाज ठेवलंस, हात काढलास, आणि ते जे आडवं झालं! शिडं पाण्यात, बूड आभाळाकडं. बायका खो खो हसल्या. तू ते ओलंचिंब जहाज छातीशी धरून बाहेर आलास आणि गंभीरपणे म्हणालास, "वाऱ्यानं पाडलं."

"वारा कुठं आहे? तुझी डोलकाठी जड झाली."

"वाऱ्यानंच पाडलं."

सबंध रस्ताभर आपण हाच वाद घातला. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की चित्रात जिथं पाणी सुरू होतं तिथं जहाज संपत नसतं. तुझं ठीक होतं. मी भूगोल शिकवत होतो रे!

त्यानंतर तू जहाज पाण्यात सोडलं नाहीस. दवाखान्यात औषधाच्या कपाटावर ओळीनं मांडत गेलास. बाटलीसाठी थांबलेली माणसं माना वर करून बघायची. घनसावंगीकडची एक म्हातारी यायची, ती दर वेळी विचारायची, "कंपाउंडरसाब, तुमची दवा ह्याच्यात बसून येती का?" तू म्हणायचास, "बिलकुल, आजी. म्हणून तर लवकर गुण येतो." दहा वर्षांत अकरा जहाजं झाली.

मग आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला, आणि साल-दीड सालानं मला महिनाभराच्या ट्रेनिंगला मुंबईला धाडलं. तू स्टेशनवर आलास. गाडी सुटेपर्यंत माझा हात सोडेनास. "माझ्या वतीनं बघून ये. बराबर बघ. चित्रात दोऱ्यांचा गुंता दिसतो, काही कळत न्हाई. मोठ्या डोलकाठीला किती दोऱ्या, कुठून कुठं बांधल्या, मोजून ये." मी म्हटलं, आणतो. तू गाडीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत चालत आलास.

मी बघितलं, दिगंबर. रविवारी विचारत विचारत धक्क्याकडं गेलो. तुझ्या कॅलेंडरसारखं तीन डोलकाठ्यांचं नव्हतं, साधं गलबत होतं, पण होतं लाकडाचं आणि खरं. दुरुस्तीला काठावर ओढून ठेवलेलं. दोन्ही बाजूंनी वासे टेकवले होते. आणि त्याच्या खाली, अरे, त्याच्या खाली एवढं मोठं पोट! गाभण म्हशीसारखं. पोटाच्या मधोमध ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडाचा एक कणा. मी उकिडवं बसून तो कणा चाचपला. कामावरच्या माणसाला विचारलं, हे कशाला? त्याला वाटलं मी थट्टा करतोय. "कणा नाय तर उभा कसा ऱ्हायल तो? पोटात दगड भरतात, तवा सरल चालतो." मी सगळं वहीत लिहून घेतलं. दोऱ्याही मोजल्या. दोनदा मोजल्या.

इथपर्यंत मी तुझा मित्र होतो. पुढचं लिहायला हात चालत नाही, तरी लिहितो.

परतलो तेव्हा तू पुन्हा स्टेशनवर. माझी वळकटी तुझ्या खांद्यावर घेतलीस आणि पहिला सवाल, "दोऱ्या किती?" वही माझ्या खिशात होती. फलाटावर उभं राहून दोन मिनिटांत सगळं सांगता आलं असतं. आपण दोघंच होतो. पण मी म्हणालो, "उद्या सांगतो." कारण दुसऱ्या दिवशी शाळेत गणपतीचं प्रदर्शन होतं, तुझी अकरा जहाजं मधल्या टेबलावर मांडणार होते, आणि हेडमास्तरांनी मला मुंबईवर चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मला तिथं सांगायचं होतं. सगळ्यांपुढं. मुंबई बघून आलेला माणूस म्हणून. तू "बरं, उद्या" म्हणालास आणि वळकटी सावरत पुढं चालायला लागलास.

दुसऱ्या दिवशी तू इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी उभा होतास. वहिनी बायकांत बसल्या होत्या. मी बोलायला उठलो. गलबताचं वर्णन केलं, पोटाचं, कण्याचं, दगडांचं. लोक मान डोलवायला लागले तसा मला चेव चढला. मी टेबलावरचं पहिलं जहाज उचललं, उलटं केलं, आणि त्या सपाट बुडावर पट्टीनं टकटक करून म्हणालो, "हे बघा, हे अर्धंच जहाज. पाण्याखालचं सगळं गायब!" मागून कुणीतरी ओरडलं, "कंपाउंडरचं जहाज लंगडं हाय!" सगळे हसले. मीही हसलो.

"इथं संपलं" असं मीच म्हटलं होतं, हे मात्र सांगितलं नाही.

तू रागावला नाहीस. आवाजही चढवला नाहीस. फक्त म्हणालास, "मास्तर, तुझं ते खरं जहाज ह्या टेबलावर उभं करून दाखव." कण्याचं जहाज टेबलावर उभं राहत नाही, कलंडतं, हे मला तेव्हा कळलं. पण मी मास्तर, गप्प कसा बसणार? "हा काय सवाल झाला?" म्हणून मी पुढच्या विषयाकडं वळलो. प्रदर्शन संपायच्या आत तू अकराही जहाजं खोक्यात भरून घेऊन गेलास. टेबलावर ठेवलेली माझी पट्टीही त्या गडबडीत खोक्यात गेली.

आणि मग ती पट्टी आपल्या मधल्या भिंतीपेक्षा उंच झाली. मी ठरवलं, पट्टी त्यानं आणून द्यावी, म्हणजे बोलू. एक हाक मारली असती तरी झालं असतं. चार फुटांवर तुझी ओसरी. तू खोकलास तरी मला ऐकू यायचं. शाळेत मी दुसरी पट्टी घेतली नाही, हातानं इंच मोजून दाखवायचो आणि पोरं हसायची. दवाखान्यातलं कपाट रिकामं झालं. ती म्हातारी म्हणे विचारायची, जहाजं कुठं गेली. तू काय सांगायचास, माहीत नाही.

मागच्या हिवाळ्यात माझ्या धाकटीला ताप आला म्हणून मी दवाखान्यात आलो. तू चिठ्ठी वाचलीस, मिक्श्चर केलंस, कात्रीनं कागदाची पट्टी कापून बाटलीला डोसाच्या खुणा चिकटवल्यास. नेहमीसारखं नेटकं काम. बाटली माझ्या हातात दिलीस. "दिवसातून तीनदा. हलवून द्या." द्या! चड्डीत असल्यापासून माझ्याशी अरेतुरे करणारा तू. मी "बरं" म्हणून निघालो. रस्त्यात डोळ्यांना पाणी आलं आणि मी धूळ गेली म्हणून स्वतःलाच फसवलं.

तुला कावीळ झाली तेव्हा पाचव्या दिवशी मी भिंत न ओलांडता रीतसर दारातून आल्तो. हातात उसाच्या कांड्या होत्या, वहीही होती. वहिनी म्हणाल्या, "आत्ताच डोळा लागलाय." मी म्हणालो, "झोपू द्या, उद्या येतो." पुन्हा उद्या. माझ्यासारखा गाढव ह्या जालन्यात दुसरा नसेल. उठवायचं होतं तुला. दंडाला धरून उठवायचं होतं आणि वही तोंडापुढं धरायची होती. दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनींचा आवाज ऐकला आणि भिंत ओलांडून आलो. दोन वर्षांनी भिंत ओलांडली, ती अशी.

काल तेराव्याचं आटोपल्यावर वहिनींनी मला थांबवून घेतलं. आतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि ओसरीवर ठेवलं. "मास्तरभावजी, हे तुमचं हाय."

बारावं जहाज. टॉवेल काढला आणि मी बघतच राहिलो. पोट होतं, दिगंबर. गोल, घासून घासून गुळगुळीत केलेलं. पोटाखाली ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कणा, आणि कण्यात खाच करून शिशाचे तुकडे बसवलेले. त्या दिवशी मी जे जे बोललो ते सगळं तू ऐकलं होतंस. लोक हसत होते, मी हसत होतो, आणि तू ऐकत होतास.

जहाज टेकणावर उभं होतं. दोन्ही बाजूंनी पोटाला धरणाऱ्या दोन उभ्या फळ्या, खाली एक आडवी. मी ओळखीचं लाकूड म्हणून हात लावला. सागवान. वर इंचाच्या रेघा. माझी पट्टी तू तीन तुकड्यांत कापली होतीस. डाव्या फळीवर दोनाचा आकडा, उजवीवर अकराचा. टेबलावर उभं करून दाखव म्हणाला होतास ना? तूच करून दाखवलंस. माझ्या पट्टीवर. मी तिथंच ओसरीच्या खांबाला टेकून रडलो, वहिनींच्या देखत, आणि त्यांनी मला रडू दिलं.

डोळे पुसले तेव्हा लक्षात आलं, काहीतरी कमी आहे. डोलकाठ्या होत्या, शिडं होती, दोरी एकही नव्हती.

"दोऱ्या का बांधल्या न्हाईत?"

"म्या बी इचारलं," वहिनी म्हणाल्या. "म्हणले, मास्तरनं मोजून आणल्यात, त्याला माहीत हाय. आपल्या मनानं बांधायच्या न्हाईत."

"आणि पाण्यात? पाण्यात सोडलं होतं का?"

"हौद तर हा इथं हाय. पण न्हाई सोडलं. मास्तर येईल तवाच सोडायचं, म्हणले. साल झालं करून." त्यांनी टॉवेलाची घडी केली. "मी म्हणलं, तुमीच हाक मारा की. तर म्हणले, येईल तो. त्याला त्याची पट्टी पायजे ना."

म्हणजे मी तुझी वाट बघत होतो आणि तू माझी. त्या कावळ्याचं गणितही मला तेव्हा सुटलं. मी येणारच, ह्याबद्दल तुला शंकाच नव्हती. मग कावळ्याला कशाला ताटकळत ठेवशील?

मी जहाज उचललं आणि अंगणातल्या हौदावर गेलो. वहिनी दारातच उभ्या राहिल्या. चारी बाजूंनी भिंती, तुळशीचं पानही हलत नव्हतं. मी जहाज पाण्यात ठेवलं. हात काढायला मन धजेना. मोती तलावावरच्या त्या बायका आठवल्या. मग काढला. जहाज डावीकडं झुकलं, इतकं झुकलं की माझा हात पुन्हा पुढं गेला, आणि तेवढ्यात ते सावकाश वर आलं. उजवीकडं थोडं कललं, पुन्हा वर आलं. आणि उभं राहिलं.

"बघ! मी म्हणलं न्हवतं?" मी ओरडलो, आणि ओरडत बाजूला वळलो. सवयीनं.

बाजूला कुणी नव्हतं. दारातून वहिनी हळूच म्हणाल्या, "ते म्हणले असते, वाऱ्यानं उभं राह्यलं."

"हो वहिनी," मी म्हणालो. "वाऱ्यानंच. मी हारलो."

जहाज आता माझ्या टेबलावर आहे. वहिनींनीच दिलं, टाके घालायच्या धाग्याच्या रिळासकट. हे लिहिताना वही उघडून शेजारी ठेवली आहे, पान जरा पिवळं पडलंय. आज शाळेतून आलो की बांधायला घेतो. स्टेशनवर तू विचारलं होतंस ना? मोठ्या डोलकाठीला एका बाजूनं पाच, दिगंबर. दुसऱ्या बाजूनं पाच. आणि एक पुढं, नाकाकडं ताणलेली. अकरा.